१,९२,००० किलोमीटर फिरलेली स्कॉर्पिओ घ्यावी, की कमी फिरलेली पण किनाऱ्यावरची?

खाडीकाठ (तालुका राजापूर)

नमस्कार. आमचे घर राजापूर तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आहे. घरात आई-वडील, आम्ही दोघे आणि दोन मुले अशी सहा माणसे असल्यामुळे सध्याच्या छोट्या गाडीत सगळ्यांना एकदम बसता येत नाही. त्यातच वडिलांना दर दीड महिन्याने तपासणीसाठी ओणी-पाचलमार्गे अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूरला न्यावे लागते, तेव्हा त्यांना पाय लांब करून बसता येईल अशी गाडी असावी, हे फार दिवसांपासून मनात आहे. आमचे फिरणे वर्षाला आठ-नऊ हजार किलोमीटरच्या वर जात नाही. नवी गाडी ऐपतीबाहेरची आहे. म्हणून दुरुस्तीसह साडेसहा लाखांत बसेल अशी जुनी स्कॉर्पिओ शोधत होतो आणि आता दोन गाड्यांपाशी येऊन अडकलो आहे.

पहिली गाडी २०१५ सालची, एस१०, एमएच-०९ पासिंगची आहे. मालक पहिल्यापासून एकच असून ते कामानिमित्त जवळजवळ दर आठवड्याला कोल्हापूर-पुणे अशी ये-जा करीत. मीटरवर १,९२,००० किलोमीटर दिसतात. दीड लाखाच्या पुढेपर्यंतची कंपनीच्या सेवाकेंद्रातील नोंद आहे आणि त्यानंतरची खासगी गॅरेजची बिले त्यांनी एका फाइलमध्ये लावून ठेवली आहेत. मागणी ५,४०,००० रुपयांची आहे.

दुसरी २०१६ सालची, तेच मॉडेल, एमएच-०८ पासिंगची आहे. मीटरवर फक्त ७४,००० किलोमीटर आहेत, परंतु सध्याचे मालक दुसरे असून त्यांचा किनाऱ्यावर घरगुती निवासाचा व्यवसाय आहे आणि गाडी तेथेच माडांच्या खाली उभी असते. मागणी ६,६०,००० रुपयांची आहे. थोडेफार कमी होतील असे ते म्हणतात. रंग, आतील सीटे आणि एकूण दिसणे पाहिले तर ही गाडी पहिलीपेक्षा कितीतरी उजवी वाटते.

घरातील सगळ्यांचे मत दुसऱ्या गाडीकडे झुकते. पहिलीचे किलोमीटर ऐकून वडील म्हणाले, "एक म्हातारा घरात आहे तेवढा पुरे, दुसरा दारात कशाला?" मलाही दोन लाखांचा आकडा खटकतो, पण पहिल्या मालकांची ती फाइल डोळ्यांसमोरून हलत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पाना-पक्कड (रत्नागिरी)

एस.टी.च्या आगारातील कार्यशाळेत माझी ३१ वर्षे गेली, त्यामुळे दोन लाख किलोमीटर ऐकून माझ्या पोटात गोळा येत नाही, हे आधीच सांगतो. आमच्या गाड्या त्याच्या कितीतरी पट फिरत, आणि त्या फिरत त्या केवळ वेळच्या वेळी ऑइल, ग्रीस आणि ब्रेक पाहिले जात म्हणून.

किलोमीटरपेक्षा इंजिन किती तास चालले, याचा हिशेब करून पाहा. पुण्याला जाणारी गाडी महामार्गावर सरासरी ताशी ५० किलोमीटरने चालली असे धरले, तर १,९२,००० किलोमीटरचे ३,८४० तास होतात. गावात, बाजारात, किनाऱ्यावरच्या अरुंद रस्त्यांवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये फिरणारी गाडी सरासरी २० च्या वर जात नाही. म्हणजे तिच्या ७४,००० किलोमीटरचे ३,७०० तास झाले. दोन्ही इंजिने जवळपास सारखीच राबलेली आहेत. त्यातही महामार्गावरचे इंजिन एकदा तापले की चार-पाच तास एका लयीत चालते, तर गावातले दिवसातून दहा वेळा थंड असताना सुरू होते, क्लच दहापट दाबला जातो आणि टर्बोला नीट तापायलाही वेळ मिळत नाही. अर्थात हा हिशेब मीटर खरा असेल तरच लागू पडतो. मीटर मागे घेणे आजकाल अवघड राहिलेले नाही, म्हणून पेडलचे रबर, गिअरच्या दांड्याची मूठ, चालकाच्या सीटची दाराकडची कड आणि स्टिअरिंगचे कातडे पाहा. ७४,००० किलोमीटरच्या गाडीत पेडलचे रबर गुळगुळीत झालेले असेल, तर मालकाला प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

या गाडीच्या २.२ लिटरच्या एमहॉक इंजिनाला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा मोठा खर्च येथे उद्भवत नाही. तरी थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने खळखळ ऐकू येते का, तेवढे कान देऊन ऐका. गाडी पाहायला सकाळी लवकर जा आणि "आम्ही येण्याआधी सुरू करू नका" असे मालकाला आदल्या दिवशीच सांगा. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर त्यांनी तुमचे ऐकलेले नाही. सुरू केल्यावर निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळते आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण सैल करून तोंडावर नुसते ठेवा. ते थोडे थरथरेल, पण उडू लागले किंवा तेथून धुराचे लोट येऊ लागले, तर सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या बाजूने खाली निसटतो आहे; त्याला आमच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन म्हणतात आणि ती गाडी तेथेच सोडून घरी यावे. क्लचसाठी चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबून पाहा. आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लचप्लेटचे पैसे किमतीतून वजा करा. रेडिएटरच्या टाकीत रंगीत कूलंट आहे की तांबूस पाणी, तेही पाहा, कारण नुसते पाणी घालून चालवलेल्या गाडीचा रेडिएटर आतून सडलेला असतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. स्कॉर्पिओ चासीवर बांधलेली गाडी आहे, म्हणजे सगळा भार खालच्या लोखंडी सांगाड्यावर असतो. इंजिन उतरवून बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, सस्पेन्शनचे बुश दोन दिवसांत नवे बसतात. सडलेली चासी मात्र कोणत्याही गॅरेजमध्ये पूर्ववत होत नाही. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, उरलेले महिने खारा वारा आणि त्यात पुळणीवर गाडी नेण्याची हौस, अशा तिहेरी माऱ्यात आठ-नऊ वर्षे उभी असलेली गाडी वरून कितीही चकचकीत असली तरी मी ती रॅम्पवर चढवल्याशिवाय तिच्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. मागच्या चाकांच्या वरची स्प्रिंगची बैठक, आडव्या पट्ट्यांचे जोड, ब्रेकचे धातूचे पाइप, डिझेल टाकीचे पट्टे आणि दारांच्या खालच्या कडा ही तपासायची ठिकाणे आहेत. लहान हातोडीने ठोकत जा. चांगले लोखंड टणटण वाजते, खाल्लेले लोखंड बद्द बोलते. आणि खाली नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर खूश होऊ नका, तो कशासाठी मारला आहे ते शोधा.

दोन्ही गाड्या न पाहता कौल द्यायचा झाला, तर मी घाटावरच्या जास्त फिरलेल्या गाडीला देईन.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. त्यात माझा एक कडू अनुभव जोडतो. कमी किलोमीटरच्या मोहात मी २०२३ मध्ये दुसऱ्या जिल्ह्यातील एका विक्रेत्याकडून ६१,००० किलोमीटरची सात आसनी गाडी घेतली. दोन महिन्यांनी कुंभार्ली घाटात तिच्या डॅशबोर्डवरील सगळे दिवे एकदम लागले आणि गाडी अर्ध्या वळणावर बंद पडली. त्यानंतर कधी पॉवर विंडो, कधी हॉर्न, कधी स्टार्टर, असे एकामागून एक आजार निघत गेले. शेवटी एका वायरमनने चालकाचा सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली आणि पार शेवटपर्यंत ओढून माझ्यासमोर धरला. एरवी गुंडाळीत आत राहणाऱ्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर तांबूस गाळाची सरळ रेघ उमटलेली होती. ती रेघ पाहिल्यावर मला कुणी काही समजावून सांगण्याची गरज उरली नाही, कारण २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्याच घराच्या भिंतीवर तशीच रेघ मी महिनाभर पुसत होतो.

त्या आठवड्यात चिपळूण आणि महाडमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. विमा कंपनीने पूर्ण नुकसान धरलेल्या गाड्या लिलावात जातात आणि त्यातील काही धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर येतात. म्हणून आपल्या दोन्ही गाड्या त्या जुलैमध्ये कोठे होत्या, हे विचारा आणि विमा दाव्याचा इतिहास मागा. कोल्हापूरची गाडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका; २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणीही शहरात शिरले होते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजले आहेत का ते पाहा, पायाखालचा गालिचा एका कोपऱ्यातून उचला आणि एसी सुरू करून पहिला वास घ्या. अत्तराची बाटली टांगलेली असेल तर ती आधी बाहेर ठेवा.

सुकी भेळ (दापोली)

मला मूळ प्रश्नच थोडा वेगळा वाटतो. वर्षाला आठ-नऊ हजार किलोमीटरच फिरायचे असेल, तर डिझेल स्कॉर्पिओच कशाला? ती लिटरला १२ च्या आसपास देते असे धरले, तर वर्षाला साधारण ७०० लिटर डिझेल लागेल. पेट्रोलवरची जुनी एर्टिगा १६ देते असे धरले, तर ५३० लिटरमध्ये भागेल. पेट्रोल महाग असले तरी एकूण खर्च तिचा कमीच राहतो आणि इंजेक्टर-टर्बोची भीतीही नाही. घाटात सहा माणसांनिशी ती थोडी धापा टाकेल, एवढे मान्य आहे.

तरीही स्कॉर्पिओच घ्यायची असेल, तर दोन गोष्टी सांगतो. एस१० मध्ये एअरबॅग आणि एबीएस आहेत, त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून खालच्या मॉडेलकडे वळू नका. २०१६ मध्ये गाड्यांची अपघातातील सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओची चाचणी घेतली, तेव्हा तिला शून्य तारे मिळाले होते. दुसरे असे की गाडी उंच आहे. वडिलांना एकदा त्यात चढवून आणि उतरवून पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. आमच्याकडे अशीच मोठी गाडी आणली आणि आजी आजतागायत रिक्षानेच जाते.

कागद-पत्र (कुडाळ)

यंत्राविषयी वरच्या मंडळींनी लिहिले आहे, मी कागदांपुरते लिहितो. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, मालकाचा क्रमांक कितवा आहे, विमा कधी संपतो आणि चलने थकली आहेत का, हे वाहन पोर्टलवर क्रमांक टाकून पाहता येते. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. एकाच राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते. "सही करून ठेवतो, सवडीने नावावर करा" हे गोड बोलणे ऐकू नका. कोल्हापूरची गाडी राजापुरात आणली तरी राज्य तेच असल्यामुळे रस्ता कर पुन्हा भरावा लागत नाही आणि क्रमांकही तोच राहतो. दिल्लीकडच्या दहा वर्षांच्या डिझेल गाड्या स्वस्तात दाखवल्या जातात. त्यांच्या बाबतीत मात्र ना-हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि नवा क्रमांक हे सगळे आपल्या गळ्यात पडते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०१५ च्या गाडीला २०३० मध्ये तपासणी करून पुढील ५ वर्षांसाठी नूतनीकरण घ्यावे लागेल. गंजलेली गाडी त्या वेळी अडचणीत येऊ शकते, हेही किमतीत धरा. विम्यातील थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर आपोआप येते, परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. 'नो क्लेम बोनस' जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळणार नाही. तेवढा हप्ता वाढेल.

खाडीकाठ (तालुका राजापूर)

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या बारा दिवसांत दोन्ही गाड्या ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर नेऊन पाहिल्या, त्याचा वृत्तांत लिहितो.

आधी किनाऱ्यावरची पाहिली. सीटबेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ निघाले, गालिच्याखाली गाळ नव्हता, इंजिनही सुरेख चालत होते. मी मनातल्या मनात तिला घरी आणलीही होती. मग तिला रॅम्पवर चढवले. खाली सगळीकडे ताजा काळा रंग होता. "पावसाआधी सगळेच मारतात," असे मालक म्हणाले, आणि ते खोटेही नाही. मेकॅनिकने मागच्या उजव्या स्प्रिंगच्या बैठकीपाशी हातोडी ठोकली तेव्हा काकांनी लिहिल्याप्रमाणे आवाज बद्द आला. त्याने स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवून थोडे वळवले, तर काळ्या रंगासकट लोखंडाचा पापुद्रा सुटून माझ्या तळहातावर पडला. तो जुन्या पाच रुपयांच्या नाण्याएवढा जाड होता आणि बोटांनी चुरडल्यावर त्याची भुकटी झाली. ब्रेकचा एक पाइपही फुगलेला होता. मालकांनी तेथल्या तेथे चाळीस हजार कमी केले, तरी आम्ही चहा घेऊन निघालो.

कोल्हापूरची गाडी सकाळी सात वाजता थंड इंजिनावर सुरू केली. धूर नव्हता आणि झाकण जागचे हलले नाही. दोन्ही पुरांच्या वेळी ती कोठे होती, याबद्दल मालकांनी स्वतःहून सांगितले आणि फाइलमधील त्या महिन्यांची बिलेही दाखवली. स्कॅनर लावल्यावर आतील नोंद मीटरशी जुळली. खालून चासीवर किरकोळ तांबूसपणा आहे, पण सगळीकडे आवाज टणटणीत येतो. दोष निघाले ते असे: चढावर क्लच घसरतो, पुढच्या आर्मचे बुश गेले आहेत आणि टायरवर १११८ हा आकडा आहे, म्हणजे ते २०१८ च्या अकराव्या आठवड्यात तयार झालेले आहेत. मेकॅनिकने पाच टायरचे ४५,०००, क्लचचे २२,००० आणि बुश-लिंकचे १४,००० असा ८१,००० रुपयांचा अंदाज दिला. हा कागद समोर ठेवूनच बोलणी केली आणि ४,८५,००० वर सौदा ठरला. म्हणजे सगळे मिळून ५,६६,००० होतील आणि विम्यासाठी व पुढच्या एखाद्या खर्चासाठी हाती थोडे उरेल. एर्टिगाही एक पाहिली होती, परंतु मागच्या रांगेत मुले आणि सामान दोन्ही बसेना.

वडिलांना त्याच दिवशी गाडीत बसवून पाहिले. चढताना मुठीला धरून ते नीट चढले. उतरताना मात्र पायरीखाली आणखी एक टप्पा लागतो, म्हणून मालकांच्या घरातून लाकडी पाट आणून ठेवला. मालकांनी तो पाट आम्हाला गाडीबरोबरच देऊन टाकला आहे. किलोमीटरबद्दल वडील पुन्हा काही बोलले नाहीत.

एकच शंका उरली आहे. गाडी आता खाऱ्या वाऱ्यातच उभी राहणार, तेव्हा खालून रंग लगेच मारून घ्यावा का?

पाना-पक्कड (रत्नागिरी)

लगेच मारू नका. आधी खालून दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या, दोन दिवस कडक उन्हात वाळू द्या, सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, त्यावर प्रायमर आणि मगच कोटिंग, हा क्रम सोडू नका. ओल्या लोखंडावर मारलेला रंग पाणी बाहेर ठेवण्याऐवजी आतच कोंडून ठेवतो, आणि तुम्ही जो पापुद्रा हातात घेतलात तो बहुधा तसाच तयार झाला असावा. चासी आतून पोकळ असते, तेथे मेणाचा फवारा मारून घ्या. चासीला आणि दारांच्या तळाला पाणी निथळण्यासाठी भोके असतात, ती कोटिंगवाल्याकडून बुजली जाणार नाहीत याकडे स्वतः उभे राहून लक्ष द्या. आपल्याकडे माडाचा आणि आंब्याचा पाचोळाही त्यांत अडकतो, म्हणून पावसाआधी एक तार घालून ती मोकळी करीत जा.

गाडी शक्य असेल तर घराच्या समुद्राकडच्या बाजूला उभी करू नका. गाडीवर प्लॅस्टिकचे घट्ट आच्छादनही घालू नका, त्याखाली दमटपणा साचतो; वरून छप्पर आणि बाजूंनी मोकळी हवा हेच चांगले. पंधरा दिवसांतून एकदा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा. तुमचे घर खाडीजवळ आहे, तेव्हा विहिरीचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होत असेल तर त्या दिवसांत ते चासीवर मारू नका, नळाचे पाणी वापरा.